आधी घोषणापत्र काढा, मग मेंटेनन्सवर बोला

वरूड, मोर्शी, काटोल, आर्वी, परतवाडा. आमच्याकडच्या अशा गावांत आता तीन-चार मजली बिल्डिंगा उभ्या आहेत. शेती गावाकडे आणि पोरांची शाळा तालुक्याला, म्हणून माणसं फ्लॅट घेतात. मी विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेत गटसचिव होतो. पीककर्ज, वसुली, ठराव, ताळेबंद यांत नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर वरूडला फ्लॅटमध्ये राहायला आलो. कागद वाचता येतात म्हणून बिल्डिंगच्या लोकांनी सचिव केलं. आता आजूबाजूच्या बिल्डिंगांतले लोकही पिशवीत कागद घालून घरी येतात.

बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘‘भाऊ, मेंटेनन्स कसा घ्यायचा? सारखा का फ्लॅट पाहून?’’ मी उलट विचारतो, तुमची बिल्डिंग कोणत्या कायद्याची आहे? तिथं सगळे गप्प होतात. पण याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या एकाही प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही. मेंटेनन्स, मतदान, पार्किंग, गच्ची, थकबाकी या प्रत्येक बाबतीत कायदा बदलला की उत्तर बदलतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

कोणता कायदा, हे कसं ओळखायचं

कपाटातून फ्लॅटचं खरेदीखत काढा. त्यात ‘महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७०’ असा उल्लेख, ‘घोषणापत्र’ किंवा ‘डिक्लरेशन’ (बिल्डिंग या कायद्याखाली आणल्याचा नोंदवलेला दस्त) हा शब्द, त्याचा दस्त क्रमांक आणि तुमच्या फ्लॅटसमोर ‘जमिनीतील व सामाईक जागेतील अविभक्त हिस्सा इतके टक्के’ अशी ओळ असेल, तर तुमची बिल्डिंग अपार्टमेंट कायद्याची आहे. तुमची संस्था म्हणजे अपार्टमेंटधारकांची असोसिएशन. कारभार घोषणापत्राला जोडलेल्या उपविधींवर, म्हणजे बाय-लॉजवर चालतो. नागपूरपासून आमच्या तालुक्यापर्यंत ही पद्धत भरपूर आहे.

तुमच्याकडे भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असेल आणि त्यावर सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ साली त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी ‘१३-ब’ हे वेगळं प्रकरण घातलं, त्यातली कलमं १५४ब-१ पासून सुरू होतात. बाकी संस्थेचे मंजूर उपविधी आणि सहकार खात्याचे आदेश.

तिसरा प्रकार तालुक्याच्या गावात फार दिसतो. घोषणापत्र नाही, सोसायटीही नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि एक जण दर महिन्याला पैसे गोळा करतो. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

बोर्डावर ‘सोसायटी’ लिहिलं म्हणून फसू नका. ‘अमुक अपार्टमेंट सोसायटी’ अशी पाटी आणि आत कागद घोषणापत्राचा, असं मी बरेचदा पाहिलं आहे. नाव कशाचंही असो, नोंदणी कशाची झाली ते पाहा.

घोषणापत्राची नक्कल कशी मिळवायची

घोषणापत्र हा नोंदवलेला दस्त आहे. बिल्डर देत नाही म्हणून अडून बसायची गरज नाही. खरेदीखतात त्याचा क्रमांक आणि वर्ष असतं. ते घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, आपण ज्याला रजिस्ट्री ऑफिस म्हणतो तिथं, नकलेचा अर्ज करा आणि फी भरा. क्रमांक सापडत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून शोधता येतं. नक्कल साधी नको, प्रमाणित घ्या. उद्या कोर्टात किंवा बँकेत तीच चालते.

नक्कल हाती आल्यावर सगळ्यात आधी टक्क्यांचा तक्ता पाहा. प्रत्येक अपार्टमेंटचा क्रमांक आणि त्यासमोर अविभक्त हिस्सा असतो. सगळ्यांची बेरीज शंभर होते का, हे कॅल्क्युलेटर घेऊन बघा. बेरीज जुळत नसेल तर वाद तिथंच लपलेला आहे. उरलेले टक्के बिल्डरने स्वतःकडे ठेवले आहेत की नुसती टंकलेखनाची चूक आहे, ते शोधा.

मग सामाईक जागांची यादी वाचा. घोषणापत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर कायद्याप्रमाणे जमीन, पाया, खांब, मुख्य भिंती, छप्पर, जिने, ये-जा करायच्या वाटा, अंगण, पार्किंगची जागा, पाण्याच्या टाक्या, पंप, मोटार हे सगळं सामाईक आहे. ‘वेगळं काही लिहिलेलं नसेल तर’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. गच्ची किंवा पार्किंगचा एखादा भाग ‘मर्यादित सामाईक जागा’ म्हणून ठरावीक फ्लॅटला दिलेला असू शकतो. असा उल्लेख असेल तर तो भाग त्याच फ्लॅटने वापरायचा. नसेल तर कोणी कितीही वर्षं कुलूप लावून बसला तरी ती जागा सगळ्यांची.

शेवटी जोडलेले उपविधी. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ते घोषणापत्राला जोडावेच लागतात. त्यात काय काय असलं पाहिजे हे कायदाच सांगतो: व्यवस्थापक मंडळ किती जणांचं, दरवर्षी त्यातल्या निदान एक तृतीयांश जणांची मुदत संपली पाहिजे, अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार कसे निवडायचे, सभा कशी बोलवायची, गणपूर्ती (कोरम) किती, खर्च कसा गोळा करायचा, उपविधी बदलायला किती मतं लागतील.

एक तृतीयांशाची ही अट चांगली आहे. एकच माणूस दहा वर्षं सचिव राहतो, हिशेब त्याच्या वहीत आणि वही त्याच्या घरात, असं होऊ नये म्हणूनच ती आहे. तुमच्या मंडळात असं चाललं असेल तर भांडू नका. उपविधीतलं ते पान उघडून सभेत वाचा.

मेंटेनन्स: सारखा की टक्क्याने

यावर मी थोडं जास्त लिहितो, कारण शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो तो इथंच.

अपार्टमेंट कायद्याचं कलम १० म्हणतं की सामाईक खर्च आणि सामाईक उत्पन्न, दोन्ही अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याप्रमाणे वाटायचं. हा टक्का कलम ६ प्रमाणे ठरतो. पूर्ण मिळकतीच्या किमतीत तुमच्या अपार्टमेंटची किंमत किती, त्यावर तो काढलेला असतो. म्हणजे नुसतं क्षेत्रफळ नव्हे. तळमजल्यावर रस्त्याला लागून दुकान असेल तर ते लहान असूनही त्याचा टक्का मोठा असू शकतो. आणि हा टक्का कायमस्वरूपी असतो. तुम्ही आत मार्बल लावलं म्हणून तो वाढत नाही, फ्लॅट कमी भावात विकला म्हणून घटत नाही.

दहा फ्लॅटची बिल्डिंग घ्या. सहा फ्लॅट दोन खोल्या-हॉलचे, प्रत्येकी ९ टक्के. चार फ्लॅट तीन खोल्या-हॉलचे, प्रत्येकी ११.५ टक्के. वर्षाचा खर्च १,४४,००० रुपये, म्हणजे महिन्याला १२,०००. सारखा वाटला तर प्रत्येकाला १,२०० येतात. टक्क्याने वाटला तर लहान फ्लॅटला १,०८० आणि मोठ्याला १,३८०. फरक १२० आणि १८० रुपयांचा, पण यावरून लोक वर्षानुवर्षं पैसे अडवून ठेवतात. घोषणापत्राची बिल्डिंग असेल तर १,०८० आणि १,३८० हेच बरोबर. मोठ्या फ्लॅटवाल्याने ‘‘आमच्या घरी दोघंच राहतात’’ म्हटलं तरी बरोबर. सभेत बहुमताने ‘सारखा घेऊ’ असं ठरवलं तरी कायद्यातलं कलम बदलत नाही.

हीच बिल्डिंग सहकारी सोसायटी असती तर हिशेब वेगळा पडला असता. सहकार खात्याने सोसायट्यांसाठी काढलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क, म्हणजे झाडू, चौकीदार, जिन्याचे दिवे, कार्यालयाचा खर्च, हे सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटायचं. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यावरचा लिफ्ट वापरत नसला तरी. पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती निधी सर्वसाधारण सभा ठरवेल तसा, पण वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्क्यापेक्षा कमी नाही. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, वर्षाला किमान ०.२५ टक्के, तोही बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत सोडून.

म्हणजे एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन बिल्डिंगांत दोन वेगळे हिशेब बरोबर असतात. ‘‘समोर सारखाच घेतात’’ हा पुरावा होत नाही.

मतांचंही असंच. सोसायटीत एका सभासदाला एक मत. अपार्टमेंटच्या नमुना उपविधींत मात्र मत टक्क्यावर मोजतात. वरच्याच बिल्डिंगमध्ये पाच लहान फ्लॅट एका बाजूला आणि चार मोठे अधिक एक लहान दुसऱ्या बाजूला उभे राहिले, तर डोकी पाच-पाच, पण टक्के ४५ विरुद्ध ५५. सभेत हात वर करून मोजायचं आणि ‘बरोबरी झाली’ म्हणून उठून जायचं, हे तिथं चालत नाही. तुमच्या उपविधीत मतांबद्दल काय लिहिलं आहे ते आधी पाहा आणि हजेरीच्या वहीत प्रत्येक सहीसमोर टक्का लिहायची सवय लावा.

उपविधी वेगळे, नियम वेगळे

घोषणापत्राच्या बिल्डिंगेत उपविधी बदलायचा असेल तर सभेचा ठराव पुरत नाही. घोषणापत्राची दुरुस्ती करून ती नोंदवावी लागते, तोपर्यंत बदल कायद्याने धरत नाहीत. सोसायटीत सर्वसाधारण सभेत हजर सभासदांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव, नंतर सहकार खात्याच्या निबंधकाची मंजुरी. व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवून यातलं काहीच होत नाही.

पण रोजच्या वापराच्या बारीक गोष्टींसाठी इतकं करावं लागत नाही. सामाईक जागा कशी वापरायची याचे नियम उपविधींच्या चौकटीत राहून करता येतात, आणि ते करण्याची पद्धतही उपविधीतच दिलेली असते. आमच्याकडे याचा फार उपयोग होतो.

संत्र्याचा आंबिया बहार निघाला की आमच्या भागात बागायतदाराच्या घरी रिकामे कॅरेट येतात, भरलेलेही येतात. ते सरळ स्टिल्टच्या, म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमधल्या मोकळ्या, पार्किंगमध्ये रचले जातात, आणि दुसऱ्याची गाडी निघत नाही. आम्ही नियम केला: बहाराच्या दिवसांत आठवड्याला एक रात्र, तीही आधी सचिवाला सांगून, ठरवून दिलेल्या खांबांच्या मधे. तेव्हापासून भांडण नाही. कारण बंदी घातली नाही, जागा आणि वेळ ठरवली. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, सरगुंडे वाळवायला बायकांना जागा लागते, त्यासाठीही वार ठरवून दिले.

कापसाच्या बाबतीत मात्र मी नरम नाही. भाव चढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवायची आपली जुनी रीत. गावातल्या घरात तो धोका एका घराचा असतो. बिल्डिंगमध्ये कापूस पार्किंगला किंवा रिकाम्या फ्लॅटमध्ये ठेवला, वरून विजेचं मीटर बोर्ड तिथंच, तर धोका सगळ्यांच्या पोराबाळांचा. सोसायटीच्या आदर्श उपविधींत ज्वलनशील माल साठवायला मनाई आहे. अपार्टमेंटच्या उपविधीत स्पष्ट नसेल तर नियम करा आणि लेखी द्या. तोंडी सांगितलेलं कोणी मनावर घेत नाही.

कूलरचंही सांगतो. आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कूलर लागणारच. पण बाहेरच्या भिंतीत भोकं पाडून लोखंडी स्टँड ठोकला की भिंत सामाईक आहे हे विसरलं जातं. बिल्डिंगच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका होईल, किंमत कमी होईल असं कोणतंही काम करायला अपार्टमेंट कायद्याचं कलम ८ मनाई करतं, आणि मोठं बांधकाम वाढवायचं तर इतर मालकांची संमती आधी लागते. खिडकीत बसणारा कूलर चालेल. बीम तोडून बाल्कनी आत घेणं चालणार नाही. मधल्या गोष्टींसाठी स्टँडचं माप आणि जागा सभेत ठरवा, आणि पाणी खालच्याच्या भिंतीवर टपकणार नाही हे त्याच ठरावात लिहा.

पार्किंग विकलंय असं बिल्डर म्हणतो तेव्हा

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सांगितलं की स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तो निकाल महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट कायद्यावरचा आहे, ज्याला आपण मोफा म्हणतो. घोषणापत्राच्या बिल्डिंगेत मात्र आधी मर्यादित सामाईक जागेची यादी पाहा. पावतीवर ‘पार्किंगचे ५० हजार’ लिहिलेलं दाखवतो म्हणून मालकी होत नाही, आणि यादीत त्या फ्लॅटला ती जागा दिली असेल तर तुमचा ओरडा कामाचा नाही.

थकबाकी, बंद फ्लॅट आणि नवा खरेदीदार

‘‘आमी तं तिथं राहतच नाई, मंग पैसे काहून देऊ?’’ हे वाक्य ऐकलं नाही असा सचिव विदर्भात नसेल. फ्लॅट घेतलेला, मालक पुण्याला, वर्षातून पोळ्याला किंवा दिवाळीला येतो. अपार्टमेंट कायद्यातलं एक कलम त्याचं उत्तर आहे: सामाईक सोयी वापरत नाही किंवा अपार्टमेंट सोडून दिलं आहे, या कारणाने कोणी खर्चाच्या हिश्श्यातून सुटत नाही. मी हे कलम छापून पत्राला जोडतो आणि रजिस्टर पोस्टाने पाठवतो. चिडून लिहायची गरजच पडत नाही.

याच कायद्याचं कलम १९ फार ताकदीचं आहे. थकलेला सामाईक खर्च हा त्या अपार्टमेंटवर बोजा होतो. सरकारी व नगरपालिकेचा कर आणि पहिल्या गहाणाचं कर्ज, हे दोन सोडले तर बाकीच्या बोज्यांच्या आधी तो येतो. शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही, सातबाऱ्यावर बोजा असला की जमीन विकताना काय होतं हे त्याला ठाऊक आहे.

फ्लॅट विकत घेणाऱ्याने कलम २० वाचावं. खरेदीच्या तारखेपर्यंतची थकबाकी विकणारा आणि घेणारा दोघांवर मिळून येते. म्हणून विसार देण्याआधी असोसिएशनकडून थकबाकीचं लेखी विवरण मागा. तसं विवरण मागायचा हक्क खरेदीदाराला आहे, आणि त्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त जुनी बाकी नंतर त्याच्यावर टाकता येत नाही. सचिवांनो, म्हणूनच हे विवरण देताना खातेवही दोनदा तपासा. तुम्ही कमी लिहिलं तर उरलेली बाकी नव्या मालकाकडून मिळणार नाही.

वसुलीसाठी अपार्टमेंटच्या असोसिएशनला शेवटी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. सोसायटीला सोपी वाट आहे: कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवायचा, आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. २०१९ च्या आधी हेच काम कलम १०१ खाली चालायचं, म्हणजे पीककर्जाच्या वसुलीचं तेच एकशे एक. व्याजाला आदर्श उपविधींत वर्षाला २१ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि ते सरळव्याज आहे, चक्रवाढ नाही. सोसायटीच्या खजिनदाराने महिन्याच्या महिन्याला व्याजावर व्याज लावलं असेल तर ती रक्कम टिकणार नाही.

थकबाकीदाराचं पाणी तोडू नका. वरूड-मोर्शीत भूजल खूप खोल गेलं आहे, एप्रिल-मेमध्ये बोअर आटतो, टँकर बोलवावा लागतो, आणि टँकरचे पैसे न भरणाऱ्याच्या नळाला चावी लावायचा राग मनात येतो. मी वाचलेल्या एकाही उपविधीत तसा अधिकार नव्हता. कोर्टात तुमची बाजू खरी असूनही ती त्या एका चावीमुळे पडते. टँकरचा खर्च वेगळा लिहा, बिलं जपा, टक्क्याने वाटा आणि थकबाकीत धरा.

सोसायटीवाल्यांसाठी काही आकडे

फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी हस्तांतर शुल्क म्हणून वाटेल ते मागू शकत नाही. सहकार खात्याच्या ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने कमाल मर्यादा घातली: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. आपल्याकडे नागपूरचा आकडा ऐकून पंचवीस हजार लावून देतात. आपली हद्द कोणाची, नगरपरिषद असली तर वर्ग कोणता, ते विचारून घ्या. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून वरचे पैसे घेणंही चालत नाही.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, सूचना चौदा पूर्ण दिवस आधी. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी ती. २५० पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीला निवडणूक स्वतः घेता येते.

काहीच नोंदलेलं नसेल तर

पहिल्यांदा ई-सर्चवर घोषणापत्र आहे का ते बघाच. लोकांना माहीत नसतं आणि बिल्डरने ते कधीच नोंदवून ठेवलेलं असतं. असेल तर त्यावर सोसायटी काढता येत नाही. मोफाचं कलम १०(२) तसं स्पष्ट सांगतं. मग घोषणापत्रातल्या उपविधींप्रमाणे पहिली सभा बोलवा आणि मंडळ निवडा.

घोषणापत्र नसेल तर मोफाच्या नियमांप्रमाणे, संस्था काढायला लागतात तेवढे फ्लॅट गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने नोंदणीचा अर्ज करायचा असतो. तो करत नसेल तर तुम्ही स्वतः तालुक्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात प्रस्ताव देऊ शकता. किमान पाच जण किंवा एकूण फ्लॅटधारकांच्या ५१ टक्के, यांतली मोठी संख्या लागते. प्रत्येकाचं खरेदीखत किंवा करारनामा नोंदलेला पाहिजे. नोंदणी झाली, पण बिल्डर जमीन संस्थेच्या नावे करून देत नाही, तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन संस्थेच्या नावे होण्याचा, अर्ज करायचा. ही तरतूद २००८ पासून आहे.

रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याची नोंदणी प्रत्येक बिल्डिंगला लागू नाही. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडच्या लहान बिल्डिंगा बऱ्याचदा यात बसतात. तुमची बिल्डिंग महारेरात, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, नोंदलेली असेल तर एक तारीख जपून ठेवा: ताबा मिळाल्याची. तिथून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरला सांगितल्यापासून तीस दिवसांत त्याने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. कळवताना लेखी कळवा, फोनवर नाही.

दप्तर

चार वह्या ठेवा: इतिवृत्त, हजेरी, रोजकीर्द आणि प्रत्येक फ्लॅटचं पान असलेली खातेवही. पावती पुस्तक क्रमांकाचं. बँक खातं असोसिएशनच्या नावाने, दोघांच्या सहीचं. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर क्यूआर कोडने पैसे घेणं आजच बंद करा. इतिवृत्त सभेतच लिहून वाचून दाखवा, दुसऱ्या दिवशी घरी बसून लिहू नका. ठरावाखाली मांडणारा, अनुमोदक, आणि अपार्टमेंट असेल तर बाजूचे व विरोधाचे टक्के.

अपार्टमेंट असोसिएशनच्या सभेची सूचना मी अशी लिहितो. तुमच्या उपविधीतली मुदत पाहून तारीख घाला.

‘सर्व अपार्टमेंटधारकांस कळविण्यात येते की, असोसिएशनची वार्षिक सर्वसाधारण सभा दि. ___ रोजी सायंकाळी ६ वाजता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होईल. विषय: १) मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. २) वर्षाचा जमाखर्च व थकबाकीची यादी मंजूर करणे. ३) पुढील वर्षाचे अंदाजपत्रक व घोषणापत्रातील टक्क्याप्रमाणे प्रत्येक अपार्टमेंटचा मासिक हिस्सा ठरविणे. ४) मुदत संपलेल्या मंडळ सदस्यांच्या जागी निवड करणे. ५) उन्हाळ्यातील टँकरचा खर्च व पाण्याच्या वेळा. जमाखर्च व टक्क्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. घोषणापत्राची प्रत सचिवाकडे रोज सायंकाळी पाहावयास मिळेल. — सचिव’

एक प्रत जिन्याखालच्या फळ्यावर लावा, एक प्रत्येकाच्या हातात देऊन सही घ्या, आणि बाहेरगावी राहणाऱ्याला पोस्टाने पाठवून पोचपावती त्याच वहीला चिकटवा.